माळ्यावरचा कागद

छापखान्यातल्या कागदाच्या कोठीची किल्ली ज्यांच्या कमरेला असे, त्यांना सगळे कुलूपकाका म्हणत. खरं नाव फक्त पगाराच्या कागदावर उरलं होतं. सव्वीस वर्षं कोठीच्या दारात एक टेबल, एक वही आणि काका. आत जायचं तर टेबलाला वळसा घालायला हवा, आणि तो घालायची परवानगी कुणालाच नाही. मशीनमनने दहा गठ्ठे मागितले की काका आठ काढून द्यायचे, आधी हे संपव म्हणायचे, आणि तो पाठमोरा झाला की वहीत पुन्हा बघायचे, आठच गेले ना. एक गठ्ठा म्हणजे पाचशे ताव. काकांचं चाललं असतं तर त्यांनी एकेक ताव मोजून दिला असता.

माणूस काही जन्मापासून असा नसतो हो. फार वर्षांपूर्वी कागदाचा टेम्पो आला, तेव्हा काकांनी मालावर नुसती नजर टाकून सही ठोकली होती. बारा गठ्ठे कमी निघाले. मालकांनी चारचौघांत असं झापलं की पुढे आठवडाभर काकांची मान वर झाली नाही. तेव्हापासून दुधाने तोंड पोळलेला हा गडी ताकच काय, पाणीही फुंकून प्यायला लागला. टेम्पोवाला हसला तरी मनात पाल चुकचुकायची, हा का हसला? त्याच भीतीतून एक सवय जडली. माल आला की त्यातले दोन-तीन गठ्ठे वहीत वापरले म्हणून दाखवायचे आणि कोठीच्या माळ्यावर जुन्या कॅलेंडरांच्या थप्पीमागे सरकवून द्यायचे. उद्या माल कमी आला तर पुन्हा नामुष्की नको. याला लपवालपवी म्हणतात हे काकांच्या कधी मनातही आलं नाही. त्यांच्या मते ती जबाबदारी होती.

घरीही तोच कारभार. साखरेच्या बरणीवर पेनाची रेघ मारलेली. बायको म्हणायची, मुंग्यांकडूनसुद्धा सह्या घ्या म्हणजे झालं.

छापखान्यात काकांना अरे-तुरे करणारा एकच माणूस होता, मोठ्या मशीनवरचा मशीनमन. दोघं एकाच वर्षी लागलेले. तो त्यांना कुलप्या म्हणायचा. दुपारी दोघांचे डबे एकाच टेबलावर उघडायचे, आणि त्या अर्ध्या तासात काका डब्यातलं काही मोजत नसत. एवढी मोकळीक त्यांनी दुसऱ्या कुणाला दिल्याचं कुणी पाहिलं नाही.

यंदा मालकांनी अंथरूण धरलं आणि त्यांची मुलगी कारभार बघायला आली. तिला सगळे ताई म्हणत. आल्या आल्या तिच्या गळ्यात पडलं ते पत्रकांचं काम. औषधाच्या खोक्यात बारीक अक्षराचं घडी घातलेलं पत्रक असतं ना, ते इथे छापलं जायचं, पातळ कागदावर, आणि दर शुक्रवारी टेम्पोने औषधाच्या कारखान्यात पोचायचं. लागोपाठ दोन शुक्रवार चुकले. दोन्ही वेळा मशीन मध्येच थांबलं, कारण कागद संपला. कारखान्याने सांगून टाकलं, तिसऱ्यांदा चुकलात तर काम दुसरीकडे जाईल. अर्धा छापखाना त्याच कामावर जेवत होता.

ताई डोकं धरून बसली नाही. तीन महिन्यांत आलेला कागद एका बाजूला मांडला, छापून गेलेला माल दुसऱ्या बाजूला, कोठीत शिल्लक असलेले आणि रद्दीत गेलेले ताव सोडून दिले, आणि काकांच्या टेबलापाशी येऊन शांतपणे विचारलं, "काका, चाळीस गठ्ठे कुठे गेले?"

काकांच्या पायाखालची जमीन सरकली. वही चोख होती, पण पोरगी वही बघतच नव्हती. तिचा रोख आपल्यावरच, याबद्दल त्यांना तिळमात्र शंका उरली नाही. आता खरं तर माळ्यावर चढून चार थप्प्या मोजल्या असत्या तर अर्धं कोडं तिथेच सुटलं असतं. पण काखेत कळसा आणि गावाला वळसा, ही म्हण काय उगाच पडली? काकांना माळा आठवलाच नाही. त्यांना आठवला चोर. कागद कापणारा कटिंगवाला दुपारी एवढी मोठी पिशवी घेऊन का जातो? बाइंडिंगच्या बायका काकांना बघून गप्प का होतात? आणि मशीनमन गरजेपेक्षा दोन गठ्ठे जास्तच का मागतो?

सोमवारी त्यांनी सापळा लावला. प्रत्येक गठ्ठ्याच्या वेष्टनावर, खालच्या कोपऱ्यात, पेन्सिलचा एक ठिपका. मंगळवारचा अख्खा दिवस ते पाण्याच्या निमित्ताने छापखानाभर फिरले. इतकं पाणी त्या माणसाने वर्षभरात प्यायलं नसेल. बुधवारी मशीनमन छपाईची प्लेट आणायला गेला आणि काकांनी त्याचं हत्यारांचं कपाट पुढे ओढलं. मागे फळीखाली सहा गठ्ठे होते, ठिपक्यांसकट.

काका धावतच ताईकडे गेले. सगळ्यांसमोर गठ्ठे मांडले, ठिपके दाखवले. सुतावरून स्वर्ग गाठणाऱ्याला इथे तर दोरखंडच मिळाला होता. मशीनमन आरडाओरडा न करता गठ्ठ्यांकडे बघत राहिला, आणि मग काकांकडे वळला.

"कुलप्या, चोरी करायची असती तर घरी नेले नसते का? इथे कशाला ठेवले असते?"

उत्तर द्यायला काका थांबले नाहीत. ताईने मशीनमनला घरी बसायला सांगितलं, शुक्रवारचा माल गेला की ठरवू म्हणाली. ते सहाही गठ्ठे लगेच मशीनवर चढले आणि दुसऱ्या मशीनवरचा माणूस दोन्हीकडे धावायला लागला. दुपारी काकांनी एकट्याने डबा उघडला. चोर पकडला होता, छाती फुगायला हवी होती. दोन घास खाऊन त्यांनी डबा बंद केला.

गुरुवारी सकाळी घरी चहाला साखर नव्हती. बरणी रेघेच्याही खाली, तळाला गेलेली. आता महिना संपेपर्यंत बिनसाखरेचा प्यायचा, असं काकांनी जाहीर केलं. बायकोने तांदळाच्या डब्यामागे हात घातला, एक छोटी बरणी काढली आणि त्यांच्या कपात दोन चमचे टाकले.

हे कधीपासून चाललंय, म्हणून त्यांनी विचारलं.

"लग्न झाल्यापासून," ती म्हणाली. "तुम्ही मोजून देता, म्हणून मी लपवून ठेवते. दारात पाहुणा उभा असताना तुमच्यापुढे हात पसरू काय?"

काकांनी कप तसाच खाली ठेवला. इथे कशाला ठेवले असते, हे मशीनमनचं बोलणं आता कुठे त्यांच्या कानातून आत उतरलं. दहा मागितले की आठ मिळतात, म्हणून तो बारा मागत होता, आणि मशीन अर्ध्यावर थांबू नये म्हणून कपाटामागे चार-सहा राखून ठेवत होता. आणि आपण? आपल्या माळ्यावर काय आहे?

छापखान्यात पोचले तर तिथे रडारड. पत्रकांचा कागद अकरा गठ्ठे कमी पडत होता आणि कागदवाल्याचा टेम्पो शनिवारशिवाय येणार नव्हता. ताई फोनवर कुणाकुणाच्या विनवण्या करत होती. काका आपल्या खुर्चीवर बसले. माळ्यावर पातळ कागद होता, हे त्या क्षणी जगात एकट्या त्यांना ठाऊक होतं. गप्प बसावं तर काम जातं, आणि जिवाभावाचा माणूस चोर ठरून घरी बसतो. खाली काढावं तर सव्वीस वर्षांची अब्रू आपल्याच हाताने उतरवायची. खरं सांगतो, बराच वेळ ते हललेच नाहीत.

मग उठले आणि शिडी लावली. एकेक गठ्ठा खांद्यावरून उतरवून ताईच्या टेबलावर ठेवला. सगळे काम सोडून जमा झाले. एकूण एकवीस गठ्ठे निघाले, त्यातले चौदा पातळ कागदाचे. त्यातल्याही खालच्या पाचांना ओल लागून कडा लाटांसारख्या वाकलेल्या, मशीनमध्ये जातील तर शपथ.

"हे मीच ठेवले होते," काका म्हणाले. "वहीत खोटं लिहून. त्याला बोलवा, तो चोर नाही."

नऊ चांगले निघाले. दोन अजून हवे होते. तेवढ्यात कटिंगवाला आपल्या बाकाखाली वाकला आणि सात गठ्ठे घेऊन आला, त्यात पातळ कागदाचे तीन. बाइंडिंगच्या बायकांनी एकमेकींकडे बघितलं आणि पुठ्ठ्यांच्या ढिगातून चार काढले. मशीनमनचे सहा धरून अडतीस झाले. राहिलेले दोन कुठे, हा प्रश्न त्याही घटकेला काकांच्या जिभेवर आला होता. तो त्यांनी गिळला, हे त्यांच्या खात्यावर मांडायला हवं.

शुक्रवारी माल वेळेवर गेला. ताईने काकांना काढलं नाही, रागावलीही नाही, आणि तेच त्यांना जास्त लागलं. तिने कोठीचं कुलूप मात्र काढलं. प्रत्येक मशीनशेजारी मांडणी उभी केली, त्या-त्या मशीनचा कागद तिथेच. मांडणीवर लाल रेघ ओढली. थप्पी रेघेला टेकली की ज्याने ते पाहिलं त्याने एक कार्ड काकांच्या टेबलावर टाकायचं, आणि काकांनी त्याच दिवशी कागदवाल्याला फोन करायचा. मागायचं नाही, आठ-दहा करायचं नाही. पुढे महिनाभर एकदाही मशीन थांबलं नाही.

माल गेला त्याच्या दुसऱ्याच दिवशी, शनिवारी, काका मशीनमनच्या घरी जाऊन आले. दारातच उभं राहून चुकलं म्हणाले. त्याने ऐकून घेतलं, सोमवारी येतो म्हणाला. सोमवारी आला, मशीन पुसलं, कामाला लागला. दुपारी काकांनी टेबलाची एक बाजू रिकामी करून ठेवली होती. तो मशीनशेजारीच डबा उघडून बसला.

संध्याकाळी तो दोन गठ्ठे उचलून मुद्दाम काकांच्या टेबलापाशी आला आणि ते त्यांच्यासमोर ठेवले. तशी काही गरज नव्हती, कागद त्याच्या हाताशीच होता.

"मोजून घ्या, काका."

"अरे, आता मोजायचं नसतं," काका म्हणाले.

तो गेला नाही. हात बाजूला सोडून, शांतपणे, उभा राहिला. शेवटी काकांनी गठ्ठ्यांवर बोट ठेवलं आणि एक, दोन असं मोठ्याने म्हटलं. मग तो गठ्ठे उचलून मशीनकडे गेला.

दुसऱ्या दिवशीही आला. अजूनही रोज येतो.