वळणावरचा निंब

धुळ्याच्या कचेरीबाहेर अर्ज लिहिण्यात माझी हयात गेली. पण माणसाचा डोळा आणि पाय यांचे नाते नानांइतके ओळखणारा मनुष्य मला उभ्या खानदेशात आढळला नाही. नाना सडकेच्या कामावरचे निवृत्त मुकादम. त्यांना चहा पाजावा, तर तो गार होईतो ते वाटसरूंचे पायच पाहत बसत. एकदा त्यांनी माझ्या मेजापुढे वीट ठेवली. आठवडाभर पक्षकार तिला वळसा घालून आले. मग त्यांनी ती उचलली. तरी नेहमीची मंडळी वळसा घालूनच येत. मी चिडलो. नाना गंभीरपणे म्हणाले, "दख भाऊ, वीट गयी, पन डोयामा शे." वीट उचलली, तरी लोकांच्या डोळ्यांत ती उरली होती.

आग्रा रोडच्या एका वळणावर जुना निंब सडकेत शिरल्यासारखा दिसे. त्याच्या पलीकडे कापसाच्या जिनात सरकी काढायच्या कामाला जाणाऱ्या बाया सडक ओलांडत. त्यांत नानांची सूनही होती. सडक रुंद करण्यासाठी तो निंब तोडायचे ठरले, तेव्हा नाना माझ्याकडे धावत आले.

"लिख भाऊ! झाड आडवं दिसस म्हनीसन डायव्हर पाय उचलस, गाडी धीमी करस. झाड गयं, ते तो उडतच यी."

असले कारण सरकारदरबारी शोभणार नाही, असे मला वाटले. मी पथिकांस लाभणारी शीतल छाया व रयतेच्या कोमल भावना यांवर दोन पाने भरली. उत्तर आले, छायेसाठी अन्यत्र वृक्ष लावण्यात येतील. निंब पडला. त्याच आठवड्यात नानांच्या सुनेचा भाकरीचा डबा ट्रकच्या चाकाखाली गेला; ती स्वतः हातभर अंतराने वाचली.

दुसऱ्या दिवसापासून जिनाचा भोंगा होण्याच्या सुमारास नाना पांढरा फेटा बांधून निंबाच्या जागी उभे राहू लागले. ट्रक खरोखरच हळू होत. मी म्हणालो, "नाना, ऊन फार आहे, सावलीत चला."

"सावली तूच लिखेल शे ना? बस मंग तठे!"

त्या दिवशी मी त्यांचेच शब्द, त्यांच्याच क्रमाने, एकही भारदस्त शब्द न घालता लिहून पाठविले. उत्तर अजून आलेले नाही. त्याच वर्षीच्या हिवाळ्यात नाना गेले.

जुने ट्रकवाले त्या वळणावर आजही पाय उचलतात. नवे उचलत नाहीत. म्हणून भोंग्याच्या वेळी माझे मेज घटकाभर बंद असते. पांढरा फेटा मला अजून नीट बांधता येत नाही.