देशकरांची दोन माणसांची गाडी

रायपूरच्या तात्यापाऱ्यात यज्ञेश्वर देशकर कुठे राहतात, असं विचारलं तर माणसं विचारात पडत. लाल गाडीवाले देशकर म्हटलं की पानठेल्यावरचा माणूससुद्धा हात लांब करून घर दाखवी. गाडी होतीच तशी. बुटकी, लांब नाकाची, दोनच दारं, दोनच सीटा आणि वर कापडी टप. बालाघाटकडच्या एका खाणीवर कधीकाळी असलेल्या गोऱ्या मॅनेजरची ती हौसेची गाडी. तो देश सोडून गेला, गाडी कुणाच्या तरी गोठ्यात पडून राहिली. एकोणऐंशी साली यज्ञेश्वररावांनी ती तिथून बाहेर काढली, तेव्हा सीटखाली कोंबडीची अंडी सापडली होती.

गाडी आणली खरी, पण तिचे सुटे भाग मिळणार कुठे? रायपुरात तर नाहीच, मुंबईतही नाहीत. यज्ञेश्वरराव सरकारी कचेरीत नकाशे काढायचे. त्यांनी त्यावर आपल्या धंद्यातलाच उपाय काढला. जो भाग झिजेल त्याचा जाड कागदावर नकाशा काढायचा, त्यावरून पातळ ट्रेसिंग कागदावर शाईची नक्कल उतरवायची आणि ती भनपुरीला हिरालालच्या लेथवर न्यायची.

हिरालाल आरंगकडचा, अक्षरशत्रू. आकड्यांशीही त्याची फारशी मैत्री नव्हती. तो कागदावर सरळ कॅलिपर ठेवायचा, रेघेपासून रेघेपर्यंत उघडायचा आणि तसाच उचलून लोखंडाला लावायचा. म्हणून दोघांत पहिल्या दिवसापासून एक नेम ठरला. कागदावर जेवढं, तेवढंच लोखंडात. मोठं करून दाखवायचं नाही, लहान करून दाखवायचं नाही. चोवीस वर्षांत हिरालालनं कधी माप विचारलं नाही आणि यज्ञेश्वररावांनी कधी आलेला भाग मोजून पाहिला नाही.

मग नवं राज्य झालं आणि रायपूर राजधानी झालं. जुन्या इस्पितळाच्या इमारतीत मंत्रालय बसलं, बंगले कमी पडू लागले, रस्ते रुंद व्हायला लागले, आणि या सगळ्यांचे नकाशे काल हवे होते असा हुकूम रोज सकाळी टेबलावर येऊन पडू लागला. कचेरीत संगणक आले. ते चालवायला दोन तरतरीत मुलं आली. पण जुन्या इमारतींचे जुने कागद वाचता येणारा माणूस एकच, देशकरबाबू. सत्तावन्नाव्या वर्षी ते सकाळी साडेनऊला टेबलावर वाकत आणि दिवे लागेपर्यंत तसेच राहत. घरी येऊन गाडी दारात लावली की लगेच उतरत नसत. गुडघे तयार व्हायला वेळ लागे.

मुलगा नीलेश मोबाइल कंपनीत होता. त्यानं एका रविवारी नव्या गाडीचं रंगीत माहितीपत्रक बापाच्या ताटाशेजारी ठेवलं. उंच गाडी, चार दारं, एसी.

“बाबा, ये वाली देखो. इसमें चढ़ना नहीं पड़ता, सीधे बैठो.”

“मी कुठं म्हणालो मले बसता येत नाही?”

“उतरते टाइम आप दरवाज़ा पकड़ के दो मिनट खड़े रहते हो. पूरा मोहल्ला देखता है.”

“पाहू दे. टिकिट नाही लावलं.”

नीलेशला मराठी सगळं कळे, उत्तर मात्र हिंदीतच येई. त्यानं आणखी एक बातमी सांगितली. विमानतळाच्या रस्त्यावर नवं हॉटेल होत होतं. त्याच्या मालकाला ही लाल गाडी दारात शोभेला उभी करायची होती.

“शोभेला?” यज्ञेश्वररावांनी घास खाली ठेवला. “चालती गाडी आहे ती. कुंडी आहे का?”

वनमालाबाई वरण वाढत होत्या. त्या या वादात कधी पडत नसत. दोन वर्षांपासून त्या गाडीत बसणंही टाळत होत्या. कुठे बोलावणं आलं की ‘तुम्ही जा, माझं डोकं दुखून राहिलं’ म्हणत, नाहीतर रिक्षानं आधीच निघून जात. यज्ञेश्वररावांना वाटे, हिला आता माणसांचा कंटाळा आला. आपल्याला तरी कुठे उत्साह राहिलाय.

फाल्गुनात पुढच्या डाव्या चाकाची पिन गेली. चाक जिच्यावर डावी-उजवीकडे वळतं ती ही उभी पिन. तिचा मूळ नकाशा घरी कपाटात गुंडाळून ठेवलेला होता. नेहमीप्रमाणे त्यावरून ट्रेसिंग करायचं तर एक संध्याकाळ मोडली असती, आणि यज्ञेश्वररावांजवळ संध्याकाळच शिल्लक नव्हती. त्यांनी तो नकाशा कचेरीत नेला आणि नव्या झेरॉक्स यंत्रावर पालथा ठेवून बटण दाबलं. अर्ध्या मिनिटात प्रत हातात आली, स्वच्छ, काळीभोर. इतकी वर्षं आपण उगाच डोळे फोडले, असंही त्यांच्या मनात येऊन गेलं. ती प्रत भनपुरीला गेली आणि आठवड्यानं पिन तयार होऊन आली.

रविवारी अंगणात बसून त्यांनी ती बसवली. पिन भोकात जरा सैल गेली. बोटांना ते कळलं. पण कागद चुकत नाही आणि हिरालालचा हात चुकत नाही, हे त्याच बोटांना चोवीस वर्षं माहीत होतं. म्हणजे भोकच झिजलं असणार. म्हातारी झाली गाडी, असं पुटपुटत त्यांनी पातळ पत्र्याची पट्टी गुंडाळून पिन घट्ट केली आणि हात धुतले.

पुढच्याच आठवड्यात गुढियारीत वनमालाबाईंच्या चुलतभावाकडे मुंज होती. त्या दिवशी रिक्षावाल्यांचा बंद होता, नीलेश बाहेरगावी होता.

“चल ना,” यज्ञेश्वरराव म्हणाले. “नवी पिन टाकली आहे. लोण्यासारखी चालते.”

वनमालाबाई ठेवणीतलं लुगडं आवरत, दाराला धरून, एकेक पाय आत घेत बसल्या. यज्ञेश्वररावांना फार बरं वाटलं. ते रस्ताभर बोलत राहिले. टप खाली केलेला, इंजिनाचा घर्घराट, म्हणून ओरडूनच बोलावं लागे. हे बघ, इथं नवा चौक होतो आहे, त्याचा नकाशा माझ्या हातचा. वनमालाबाई मान डोलवत होत्या.

रेल्वेच्या पुलाखालून गुढियारीकडे चढताना हातातलं चक्र एकदम हलकं झालं. डावं चाक आडवं पडलं आणि गाडी वनमालाबाईंच्या बाजूनं रस्त्याला घासत, डावीकडे वळून आडवी थांबली. मागून तांदळाच्या पोत्यांचा ट्रक येत होता. त्यानं करकचून ब्रेक मारला. तो थांबला तेव्हा त्याचा लोखंडी बंपर वनमालाबाईंच्या तोंडापासून हातभर होता आणि बरोबर तोंडाच्याच उंचीवर होता.

खरचटलंदेखील नाही. माल उतरवणारे दोन हमाल धावत आले, “हाथ दे दाई”, हात दे माय, म्हणत त्यांनी वनमालाबाईंना दोन्ही दंडांना धरून बाहेर ओढलं. लुगड्याला ग्रीस लागलं. त्यांनी पदर झटकला, आहेराची पिशवी उचलली आणि उरलेला रस्ता पायी चालत मुंजीला गेल्या. यज्ञेश्वरराव कलंडलेल्या गाडीपाशी उभे राहिले.

नीलेश परत आला तो घरात शिरण्याआधीच बोलू लागला. “आई को कुछ हो जाता तो? बाबा, गाड़ी बूढ़ी हो गई है. मान लो अब.”

यज्ञेश्वररावांनी मान खाली घातली. त्यांनी मानलंच होतं. हॉटेलवाल्याला निरोप द्यायला त्यांनी हरकत घेतली नाही. फक्त सोमवारी तुटकी पिन खिशात टाकली, कपाटातला मूळ नकाशा काखेत घेतला आणि ते भनपुरीला गेले.

हिरालालनं पिन पाहिली, बोटात फिरवली आणि आधी दोष स्वतःच्याच हातावर आणि डोळ्यांवर ओढून घेतला. “मोर हाथ कांपिस होही, साहेब. आंखी घलो कमती दिखथे.”

“तुझी प्रत कुठं आहे? मी दिलेली?”

हिरालालनं खिळ्याला टोचलेली झेरॉक्स काढून दिली. यज्ञेश्वररावांनी ती मूळ नकाशावर ठेवून उजेडाकडे धरली. रेघा एकमेकींवर बसेनात. प्रतीतली पिन मूळ पिनेच्या आत जाऊन बसली होती, आईच्या पोटात लेकरू असावं तशी. हिरालालनं कॅलिपर लावला, एकदा इथे, एकदा तिथे.

“आधा सूत,” तो म्हणाला. सूत म्हणजे इंचाचा आठवा भाग. पिन होती सात सुताची, केली गेली साडेसहाची.

दुपारी कचेरीत यज्ञेश्वरराव झेरॉक्स यंत्रापुढे चष्मा वर करून उभे राहिले. काचेखाली हिरवा आकडा पेटला होता, त्र्याण्णव. नकाशांच्या कडा कापल्या जाऊ नयेत म्हणून सगळेच जण यंत्र त्र्याण्णव टक्क्यांवर ठेवत. हे कचेरीत सगळ्यांना ठाऊक होतं. त्यांनाही ठाऊक होतं.

संध्याकाळी हे हिरालालला सांगितलं, तर तो पोट धरून हसला. “मसीन घलो डंडी मारथे, साहेब!” यंत्रही काटा मारतं म्हणे. मग हसू आवरून म्हणाला, “फेर तुमन बिना देखे दे देव? अउ मैं बिना पूछे बना देंव?” न बघता देणारा एक आणि न विचारता करणारा दुसरा. हिरालालनं दिवा लावला आणि मूळ कागदावरून पिन पुन्हा करायला घेतली.

घरी जाताना यज्ञेश्वरराव मनाशी हिशेब करत होते. भोक झिजलं नव्हतं. गाडीला काही झालं नव्हतं. गप्प राहिलं तर सगळ्यांच्या मते दोष म्हाताऱ्या गाडीचा, आणि विषय संपत होता. बोललं तर गाडी निर्दोष सुटत होती, पण मग बायकोला ट्रकपुढे नेऊन ठेवलं कुणी?

वनमालाबाई स्वयंपाकघरात वाटाणे सोलत होत्या. ते समोर पाटावर बसले आणि त्यांनी सगळं सांगितलं. झेरॉक्स, त्र्याण्णव, सैल लागलेली पिन, पत्र्याची पट्टी.

“म्हणजे बोटाले समजलं होतं तुमच्या?”

“समजलं होतं.”

“हं.” त्यांनी एक शेंग फोडली. “मग गाडीची चूक नाही. ठेवा ना. मी काही विका म्हणून नाही राहिली.”

“खरंच?”

“खरंच. मी बसणार नाही बाकी.”

“भीती बसली का?”

“भीती नाही हो. मले उठता येत नाही त्यातून. दोन वर्षं झाले. विजयाकडे मंगळागौरीले गेली होती, तर चार पोट्ट्या लागल्या मले बाहेर काढाले. खिदळत होत्या. म्हशीले विहिरीतून काढते ना, तसं.”

“मग सांगितलं काहून नाही तू?”

“काय सांगू? त्या गाडीत बसले की तुमाले वाचा फुटते. घरी आले की हूं नि हां. म्हटलं, राहू द्या तेवढं.”

यज्ञेश्वररावांनी समोरचे थोडे वाटाणे ओढून घेतले आणि सोलायला लागले.

नवी पिन बरोबर बसली, बोटानं ढकलली तर हलेना इतकी. गाडी पुन्हा लोण्यासारखी चालू लागली. यज्ञेश्वरराव तीन दिवस ती घेऊन कचेरीत गेले आले. चौथ्या दिवशी मोतीबागेपाशी एक हत्ती चालला होता, माहुतासकट. “हत्ती बघ,” असं ते ओरडले. डावीकडच्या सीटवर नुसता जेवणाचा डबा होता. त्यांनी गाडी कडेला घेतली आणि हत्ती पुढे जाईपर्यंत थांबले.

घरी येऊन नीलेशला म्हणाले, “ती उंचवाली पाहायला कधी जायचं?”

नीलेशला आपलं ऐकणं खरं वाटेना. “पर हिरालाल भैया तो बोले गाड़ी एकदम ठीक है?”

“गाडी ठीक आहे रे. पण सीटा दोन आहेत. एकटा बसून काय करू?”

हॉटेलवाल्याची माणसं क्रेन घेऊन आली. गाडी चालू आहे, चालवत न्या, असं यज्ञेश्वररावांनी दोनदा सांगितलं. पण त्यांना उचलून नेण्याचाच हुकूम होता. नकाशांची गुंडाळी बरोबर देऊ का, असं विचारल्यावर त्यांच्यातला एक जण म्हणाला, “उसका क्या करेंगे, बाबूजी?” गाडी गल्लीच्या तोंडाशी वळेपर्यंत यज्ञेश्वरराव ओट्यावर उभे होते. मग आत जाऊन आडवे झाले ते जेवायला उठले नाहीत.

नवी गाडी चैत्रात आली. रंग चंदेरी, त्या गल्लीत तशा आणखी तीन. पहिल्या दिवशी वनमालाबाईंनी दार उघडलं, खुर्चीत बसावं तशा बसल्या आणि चैत्रातल्या हळदीकुंकवाच्या घरांची यादी पदराच्या टोकातून काढली. काचा बंद, आत एवढं शांत की यज्ञेश्वररावांना काय बोलावं ते सुचेना. ओरडण्यासारखं काही राहिलं नव्हतं.

बोलत होत्या त्या वनमालाबाई. तात्यापाऱ्यापासून टिकरापाऱ्यापर्यंत त्यांचं तोंड मिटलं नाही. मुंजीत कुणी काय घातलं होतं, विजयाच्या सुनेला कुठे बदली मिळाली, आणि तुम्ही नेहमी सांगता तो चौक मले मुळीच आवडत नाही, रस्ता ओलांडता येत नाही तिथं. जुन्या गाडीत त्या मान डोलवत, ती ऐकूच येत नसे म्हणून, हे यज्ञेश्वररावांना तिथे कळलं. ते हूं म्हणाले.

“ते निळं फाटक. थांबवा. यादीत पहिली माया आहे.”

“किती वेळ लागेल?”

“दोन वर्षांचं बोलणं आहे,” असं म्हणत त्या कुणाचा हात न धरता उतरल्या आणि फाटक लोटून आत गेल्या.

आतून बायकांचा गलका ऐकू आला. यज्ञेश्वररावांनी चष्मा काढून पुढे ठेवला, सीट मागे करायचा खटका कुठे आहे तो हातानं चाचपून शोधला आणि डोळे मिटले.