नाचाची डिग्री आणि दाजींची पारख

भाचीनं बारावीनंतर नृत्याची पदवी घ्यायची म्हटल्यावर ताईनं मला तातडीनं हिंगोलीजवळच्या गोरेगावला बोलावून घेतलं. आमच्या नात्यात सगळ्यांत जास्त शिकलेला मी. एम.ए., सेट, पीएचडी, आणि एका कॉलेजात तेव्हा अकरा वर्षांपासून तासिका तत्त्वावर मराठी शिकवत होतो. तासिका तत्त्व म्हणजे जितके तास घेतले तितक्यांचे पैसे, तेही वरून मंजूर होऊन आले तर. उन्हाळ्यात कॉलेज बंद, तेव्हा पैसेही बंद. अशा माणसाला पोरीच्या करिअरबद्दल सल्ला द्यायला बोलावलं होतं, आणि मीही इस्त्रीचा शर्ट घालून गेलो होतो.

दाजींचं गोरेगावात पशुखाद्याचं दुकान आहे. पण त्यांची खरी ओळख बैल पारखणारा माणूस अशी. कुणाला जोडी घ्यायची असली की लोक त्यांना जीपमध्ये बसवून बाजाराला नेतात. "शिक्षणातलं मला काय कळतंय," असं ते नेहमी म्हणतात. ते असं म्हणाले की समोरच्यानं सावध व्हावं.

भाची सहा वर्षं शनिवार-रविवारी हिंगोलीला जाऊन कथक शिकत होती. ताईला वाटत होतं तिनं नर्सिंगला जावं. मी खुर्ची पुढं ओढली आणि सुरू झालो. आवड वेगळी, उपजीविका वेगळी. कलेला समाजात मान आहे, पण बाजारात भाव नाही. पुढं स्कोप काय, याचा विचार आधी करावा लागतो.

भाचीनं सगळं शांतपणे ऐकून घेतलं. मग विचारलं, "मामा, तुमची पीएचडी किती वर्षांत फिटली?"

मी चहाचा घोट घेतला. चहा संपला होता.

"अजून न्हाई," मी म्हणालो.

"मंग पाहुणे, तुमी सल्ला कशाचा देऊन राहिले?" दाजी म्हणाले. "जाऊन बघू. बैल काय कुनी फोनवर घेते का?"

पुढच्या आठवड्यात आम्ही तिघं संभाजीनगरच्या एका खाजगी कॉलेजात पोचलो. तिथल्या नृत्य विभागाच्या प्रमुख बाई चाळिशीच्या होत्या. त्यांनी आम्हाला बसवलं आणि गुळगुळीत कागदाचं माहितीपत्रक दिलं. मागच्या पानावर करिअरच्या संधी छापल्या होत्या. दाजींनी चष्मा लावून त्या एकेक वाचल्या.

"मॅडम, हे नृत्यसमीक्षक म्हंजे काय?"

"नृत्य पाहून त्याबद्दल लिहिणारे."

"त्याचे पैसे कोन देते?"

बाईंनी जरा विचार केला. "कोणी देत नाही," त्या म्हणाल्या.

"आन हे सांस्कृतिक सल्लागार?"

"ते मलाही माहीत नाही. पत्रक संस्थेनं छापलंय."

दाजींना बाई आवडल्या. त्यांनी वर्षाची फी विचारली. बाईंनी सांगितली. त्यात पोशाख, घुंगरू आणि परीक्षेची फी धरली नव्हती. होस्टेल वेगळं होतं. तेवढ्या पैशात दोन चांगल्या जोड्या आल्या असत्या, हे दाजींच्या चेहऱ्यावरून मला कळलं.

"रागावू नका मॅडम, पन तुमी पर्मनंट हाव का?"

"नाही. तासिका तत्त्वावर आहे."

दाजींनी माझ्याकडं बघितलं. "म्हंजे हे आमचे पाहुणे तसेच. किती वर्षं झाली?"

"सोळा."

म्हणजे बाई मला पाच वर्षांनी सिनियर होत्या. त्यांनी माझ्याकडं ज्या नजरेनं बघितलं, तसं फक्त एकाच वॉर्डातले दोन पेशंट एकमेकांकडं बघतात. त्यांनी चहा मागवला. मागच्या वर्षीच्या तासांचे पैसे तुम्हाला कधी आले, असं मी हळूच विचारलं. "आलेत का?" त्यांनी उलट विचारलं.

दाजींनी चहा संपवला आणि म्हणाले, "मॅडम, घेन्याआधी आमी वखराला जुंपून बघतो. जरा करून दाखवता का?"

मला धरणी पोटात घेईल तर बरं असं झालं. पण बाई हसल्या. शेजारच्या वर्गात आम्हाला नेलं, चपला काढल्या, पदर खोचला आणि नुसत्या फरशीवर उभ्या राहिल्या. घुंगरू नव्हते, तबला नव्हता. तोंडानंच बोल म्हणत त्या पाच-सात मिनिटं नाचल्या. भाची दाराला टेकून उभी होती आणि तिचा पाय तिच्या नकळत ताल धरत होता. दाजी बाईंच्या पावलांवरून नजर हलवत नव्हते. शेवटी बाई जागच्या जागी थांबल्या, तेव्हा दाजींनी हात जोडले.

गेटबाहेर आल्यावर ते मला बाजूला घेऊन म्हणाले, "जनावर एक नंबर हाय, पाहुणे. धनी बेकार हाय."

मला वाटलं, विषय संपला. परतीच्या एसटीत त्यांनी ते पत्रक पुन्हा वाचलं. हिंगोली जवळ आल्यावर बोलले. त्यांच्या चुलतभावानं याच्या कितीतरी पट पैसा ओतून पोराला इंजिनियर केलं होतं. तेव्हा स्कोप कुणी विचारला नव्हता, उलट पेढे वाटले होते. तो पोरगा आता दोन वर्षांपासून घरी बसून मोबाइलवर बोटं फिरवत होता.

"त्याचं काहीच न करता बसलंय," दाजी म्हणाले, "माझं निदान नाचून बसंल."

भाची खिडकीकडं तोंड करून रडत होती. आम्ही दोघांनी न बघितल्यासारखं केलं.

तीन वर्षांनी ती डिग्री घेऊन आली. आता हिंगोलीतल्या एका इंग्रजी शाळेत नृत्यशिक्षिका आहे. म्हणजे नेमणुकीच्या पत्रावर तसं लिहिलंय. प्रत्यक्षात ती पहिलीच्या लेकरांची नाकं पुसते, भूगोल शिकवते आणि सुटल्यावर बसपाशी उभी राहते. संध्याकाळी तिचा स्वतःचा क्लास असतो. लग्नसराईत हळदीच्या व्यापाऱ्यांच्या घरची मंडळी तिच्याकडं नाच बसवून घेतात. निम्मे पैसे ती आधी घेते. नवरदेवाच्या काकाला तालात आणायचा दर वेगळा आहे, आणि तो योग्यच आहे.

"आन कथक?" मी एकदा विचारलं.

"पहाटे करते, एकटी. त्याचे कुनी पैसे देत न्हाई, मामा."

यंदा आमच्या कॉलेजात नवीन धोरणाप्रमाणं नृत्याचा एक छोटा पेपर सुरू झाला. प्राचार्यांनी मला बोलावलं. भाचीला शिकवायला बोलवा म्हणाले. मानधनाचं विचारलं तर म्हणाले, शाल, श्रीफळ आणि प्रमाणपत्र. मी फोन लावला.

"शाली चार झाल्या, मामा," ती म्हणाली. "तासाचे किती देतेत ते विचारा."

पंधरा वर्षांत हा प्रश्न मी प्राचार्यांना कधी विचारला नव्हता. तिच्या वतीनं विचारला. त्यांनी चष्मा पुसला आणि तो पेपर मलाच दिला. म्हणाले, "तुमच्या घरातलाच विषय आहे."

तर सध्या मी नृत्य शिकवतो. निदान ताल तरी कळावा म्हणून एका रविवारी गोरेगावला गेलो. भाचीनं दुकानातल्या पेंडीच्या पोत्यावर बसवून मला तीनताल हातावर धरायला लावला. त्यात नवव्या मात्रेला टाळी नसते, हात नुसता उलटा करायचा असतो. मी दर वेळी तिथंच टाळी वाजवत होतो. दाजी गल्ल्यावर बसून बघत होते, पण माझ्याबद्दल त्यांनी मत दिलं नाही. दोन तास तिनं न वैतागता शिकवलं. निघताना मी फीचं विचारलं.

"राहू द्या," ती म्हणाली. "तुमच्याकडून काय घ्यायचं, मामा."