खाणीच्या कडेवरचा डबा

मिलाडा होर्कोव्हा ही आमच्या गावातली सगळ्यात भित्री बाई. इस्त्री बंद केली की नाही ते बघायला ती बसथांब्यावरून घरी परत येते, आणि बस गेली की ड्रायव्हरच्या नावानं बोटं मोडते. अशा बाईला डबे लपवायच्या खेळाचं वेड लागलं, तेव्हा आम्ही पोट धरधरून हसलो. जंगलात डबा लपवायचा, फोनवर त्या जागेचे अक्षांश-रेखांश घ्यायचे, इंटरनेटवर टाकायचे. मग शोधणारे येऊन आतल्या कागदावर सही करणार. पहिली सही करणाऱ्याचा रुबाब काही और.

मिलाडाचा पहिला डबा जुन्या दगडखाणीजवळच्या कपारीत होता. रविवारी जेवणाच्या वेळी तो जाहीर झाला. कौतुकानं तिनं नकाशा उघडला आणि हातातला चमचा तसाच राहिला. खूण कपारीवर नव्हतीच. ती होती थेट खाणीच्या कडेवर.

मग तिला सगळं आठवलं. त्या दिवशी फोन चालू करून ती आधी कडेवर उभी राहिली होती, गावाची छपरं बघत. नंतर कपारीत शिरली, तोच अळंबी वेचणारी जोडी आली. खेळाबाहेरच्या माणसांना डबा दिसता कामा नये, म्हणून तिनं घाईघाईनं बटण दाबलं आणि फोन खिशात टाकला. कपारीत आभाळ दिसतं ते बोटभर, तेवढ्यात फोनला उपग्रह सापडत नाहीत. फोन अजून कडेवरचीच जागा धरून बसला होता. खरं तर फोन दगडावर ठेवून आकडे स्थिरावू द्यायचे, लांब जाऊन वेगवेगळ्या बाजूंनी परत यायचं, पुन्हा बघायचं. तिला हे सगळं माहीत होतं. त्यात भर म्हणजे, इंटरनेटवरच्या डब्याच्या पानावर शोधणाऱ्यांसाठी मदतीची ओळ तिनंच लिहिली होती: ‘पोटावर झोपा, हात खाली खोलवर घाला.’

शाळेच्या खानावळीतला आचारी बोर्शेक पहिल्या सहीसाठी जीव टाकतो. तिनं त्याच्या घरी फोन लावला.

“तो होय?” त्याची बायको यार्का म्हणाली. “सूप तसंच टाकून पळाला. मावशी, माझ्यासाठी असा कधी धावला असता तर.”

“कुठे पळाला?”

“तुमच्याच डब्याला. का हो?”

मिलाडानं फोन खिशात टाकला. घरातल्या चपलांवरच ती निघाली. चढावर धुकं उतरलं होतं. प्रत्येक वळणावर तिला वाटे, आता किंकाळी येईल. आणि काहीच ऐकू आलं नाही की वाटे, येऊन गेली.

कडेवर तिला आधी बूट दिसले. बोर्शेक पोटावर झोपला होता, खांद्यापर्यंतचा हात पोकळीत लोंबत होता. तिच्या तोंडाशी आलेली हाक तिनं गिळली. दचकला तर गेलाच. ती गुडघ्यांवर रांगत पुढे सरकली. खडी टोचत होती.

“बोर्शेक,” ती बाजारात भेटल्यासारखी म्हणाली, “घाबरू नकोस. मी आहे, मिलाडा.”

“मावशी, डबा खोल लपवलाय हो तुम्ही. आणखी जरा पुढे झालो की लागेल हाताला.”

“पुढे नको. मागे ये. हळू.”

“फसवता काय? मला हरवायचंय?”

“डबा तिथं नाहीये, बाबा. आकडे चुकले माझे.” तिनं त्याचे दोन्ही घोटे घट्ट धरले. त्याच्या हाताखालचा एक दगड सुटला. तो पडल्याचा आवाज फार वेळानं आला. बोर्शेकची थट्टा तिथंच थिजली.

तो इंचाइंचानं मागे आला. चेहरा मैद्यासारखा पांढरा. दोघं गवतात बसून राहिली.

“डब्याचं पान बंद केलंत ना?” त्यानं विचारलं.

मिलाडानं फोन काढला. घरून निघताना तिला ते सुचलंच नव्हतं, आणि इथं रेंज नव्हती. तेवढ्यात खालच्या रस्त्यावर मोटारीचं दार लागलं. मग दुसरं. कोणीतरी बाई हसत म्हणाली, “चल, आपणच पहिले.”

बोर्शेक कडेकडे पाठ करून वाटेत आडवा बसला. मिलाडा उठली आणि धुक्यात खाली उतरू लागली, दोन्ही हात पसरून, “थांबा, थांबा” म्हणत.