आमच्या घराचे चिरे जिथून आले

उन्हाळ्यात फिरायला कुठं जावं असं कुणी विचारलं की मी एरवी पन्हाळा सांगून मोकळी होते. यंदा मात्र चंदगड सांगणार आहे, आणि ते का, हेही सांगणार आहे. ज्यांना नुसत्या गाड्यांच्या वेळा हव्यात त्यांनी सरळ स्टँडवर जाऊन विचारावं, मी रागावणार नाही!

तर झालं असं, की कोल्हापूरजवळच्या उचगावातलं आमचं घर पाडायचं ठरलं होतं. घर जांभ्या दगडाचं, दीड फुटी भिंतींचं. बाबा एसटीत ड्रायव्हर होते आणि चंदगडच्या गाडीवर त्यांची उमेदीची वर्षं गेली. तिकडचे तांबडेलाल चिरे त्यांना इतके आवडले, की घर बांधताना ट्रक भरून तेच आणले. सगळी गल्ली हसली. पण घर असं गार झालं, की भर वैशाखात शेजारणी धान्य निवडायला आमच्याकडं येऊन बसायच्या. मग चार वर्षांपूर्वी आई गेली आणि त्यानंतर त्या घराला काय झालं कुणास ठाऊक, पार भट्टी झाली. गेल्या उन्हाळ्यात बाबांना बसल्या जागी चक्कर आली, सलाईन लावावं लागलं. एसी बसवू म्हटलं तर "माझी हाडं दुखत्यात" म्हणून बसले.

माझा धाकटा भाऊ विजय पुण्याला असतो. त्याचं म्हणणं, पाडा, बिल्डरला द्या आणि फ्लॅट घ्या. मी भांडभांड भांडले त्याच्याशी. मी लग्न केलं नाही, त्या घरातच वाढले, त्यातच राहिले. माझा जीव आहे त्याच्यात. पण बाबाच म्हणाले, "घर बिघडलंय गं. माझ्यागत म्हातारं झालंय." कागद तयार झाले, विजय सह्या घ्यायला येणार होता. बाबांची एकच अट होती. "ज्यानं चिरं दिलं, त्याला सांगिटल्याबिगर पाडायचं न्हाय."

तो माणूस म्हणजे भरमाण्णा, बाबांचा कंडक्टर. त्याच्या मेव्हण्याची चिऱ्यांची खाण होती. म्हणून एप्रिलच्या शेवटी आम्ही बापलेक निघालो.

कोल्हापूर स्टँडवरून सकाळची गाडी धरा, उशिरा निघाल तर ऊन तुम्हाला खाईल. माझं बाईमाणसाचं अर्धं तिकीट, बाबा पंच्याहत्तरीच्या पुढचे म्हणून फुकट. कागल, निपाणी, संकेश्वर, गडहिंग्लज असा रस्ता आहे. हायवे सोडेपर्यंत गुळगुळीत, पुढं जरा कंबर सांभाळा. बाबा हट्टानं पहिल्या सीटवर बसले होते. तवंदीचा घाट लागला आणि त्यांना राहवेना.

"पावणं, गिअर बदला की आता!"

"आजोबा, गाडी मी चालवतोय का तुमी?" ड्रायव्हर मागं न बघताच म्हणाला.

"चालवलीया की. तुमी शाळंत जात हुता तवा."

अख्खी गाडी हसली, पण गिअर मात्र त्यानं बदलला. गडहिंग्लजला चहा आणि गरम वडा खाऊन घ्या, पुढं भरवशाचं काही मिळत नाही. नेसरी मागं पडली की उसाची रानं सरतात आणि काजूची झाडं सुरू होतात. खिडकीतून येणारं वारं निवळतं. बाबांनी टोपी काढून डोकं वाऱ्याला दिलं. घरात मी त्यांना इतकं निवांत बसलेलं कैक दिवसांत पाहिलं नव्हतं.

चंदगडच्या स्टँडवर भरमाण्णा उभाच होता. "डायवर!" "मास्तर!" अशा हाका झाल्या आणि दोघं म्हातारे पाठीवर थापा मारत बसले. एसटीत कंडक्टरला मास्तर म्हणतात, ते अजून सुटलेलं नाही.

त्याच्या घरी जेवायला ओल्या काजूची उसळ, नाचणीची भाकरी, भात आणि कोकमाची कढी. या उसळीसाठी तरी मार्च-एप्रिलमध्ये इकडं याच. बाबांनी घर पाडायचं सांगितलं तेव्हा भरमाण्णाचा घास हातात तसाच राहिला. "चिरं खराब निघालं व्हय?" त्यानं एवढंच विचारलं. बाबा खाली बघून म्हणाले, "चिरं चांगलं हाईत. पर घर तापतंय." मला तिथून उठून जावंसं वाटलं.

जेवणानंतर आम्हाला वरच्या नव्या खोलीत पाठवलं. वर सिमेंटचा स्लॅब, बाहेर दुपारचे दोन, म्हटलं आता भाजून निघणार. आत पाय ठेवला तर गार! पंखासुद्धा बंद. ही खोली भरमाण्णाच्या सुनेनं, सरितानं बांधून घेतलेली. ती इंजिनिअर आहे, बेळगावला नोकरी करते; त्या दिवशी सुट्टी होती, म्हणून तीही सासऱ्यासोबत वर आली.

"ताई, थंडीत खोबरेल गोठतं आणि उन्हात ठेवलं की पातळ होतं, बघितलंय ना?" ती म्हणाली. "या छताच्या आत तसल्याच मेणासारख्या पदार्थाच्या पिशव्या आहेत. दिवसभर वरून येणारी उष्णता पिऊन ते मेण वितळत राहतं आणि ती खाली पोचू देत नाही. रात्री परत गोठतं."

"आन् प्यालेली उष्णता जातीया कुठं?" बाबांनी विचारलं.

"रात्री ती बाहेर काढायची, काका. रात्रभर खिडक्या सताड उघड्या आणि ऊन चढायच्या आत सगळ्या बंद. एक रात्र विसरलं तरी मेण गोठत नाही, मग दुसऱ्या दिवशी खोली तापते."

"फकस्त फणस घरात ठेवायचा न्हाय," भरमाण्णा मध्येच म्हणाला. "वासावर हत्ती येतोय. म्हणूनशान तर एवढं दांडगं गज बसवल्यात." मला वाटलं चेष्टा करतोय. अजिबात नाही, इकडं हत्ती खरोखर येतात!

मी विचारलं, "आणि चिऱ्याची भिंत?"

"तिचंही तेच. ती वितळत नाही एवढंच. जाड भिंत दिवसा उष्णता साठवते आणि रात्री सोडते. रात्री घर बंद असलं तर सोडणार कुठं? घरातच."

मी बाबांकडं पाहिलं, बाबांनी माझ्याकडं. आम्ही दिवसा 'मोकळी हवा' म्हणून सगळं उघडं टाकतो आणि रात्री चोराच्या भीतीनं कड्याकुलपं घालून झोपतो.

"आमी उलटंच करतोय की," बाबा म्हणाले. मग छताकडं बघत म्हणाले, "तुझी आई सकाळी खिडक्या आपटायची."

खरंच की! रोज उजाडलं की आई घरभर फिरून खडाखडा खिडक्या लावायची आणि विजय पांघरुणातून तिच्यावर ओरडायचा. बाबा मुक्कामी गाडी घेऊन जायचे, सकाळी परतून दिवसा झोपायचे. त्यांना उजेड लागू नये म्हणून ती अंधार करते, असंच आम्ही सगळे धरून चाललो होतो. आणि बाबा नसताना रात्री ती खिडक्या उघड्या टाकून बिनघोर झोपायची. बाबा रिटायर झाले तरी तिनं ते सोडलं नाही.

"माझ्या झोपंसाठी लावायची का घरासाठी, कधी इचारलंच न्हाय," बाबा म्हणाले. भरमाण्णानं पाण्याचा तांब्या पुढं केला.

दुसऱ्या दिवशी ओल्या काजूची पिशवी आणि ड्रायव्हरला द्यायच्या चार सूचना घेऊन आम्ही परतलो. पहिल्या रात्री खिडक्या उघडल्या तेव्हा मला भीतीनं डोळ्याला डोळा लागला नाही. बाबा उशाशी काठी घेऊन झोपले. खोटं कशाला बोलू, दुसऱ्या दिवशी घर तसंच तापलेलं होतं. चार वर्षांचं बिघडलेलं एका रात्रीत कसं निवळेल? पण आठवडाभरानं दुपारी मी भिंतीला पाठ लावली आणि लावूनच बसले. स्लॅबला पांढरा चुनाही मारून घेतला. अगदी आईच्या वेळचं गार अजून नाही, शेजारची बिल्डिंगही वाढलीय, वारं अडतं. पण बाबा दुपारी झोपतात, घोरतात.

मग विजय आला, बॅगेत बिल्डरचे कागद घेऊन. गाडी उशिरा पोचली, जेवला आणि मधल्या खोलीत सतरंजीवर आडवा झाला. कागदांचं सकाळी बघू म्हणाला.

सकाळी उजाडल्यावर बाबा नेहमीसारखे खिडक्या लावत फिरू लागले. मधल्या खोलीची खिडकी जरा अडते, ती आपटावीच लागते. त्यांनी ती आपटली, आणि पांघरुणातून झोपेतला आवाज आला,

"आई, हळू की गं!"

बाबांचा हात कडीवरच राहिला. मी चहाचं आधण ठेवत होते, तशीच दारात उभी राहिले. मग विजयचं पांघरूण हललं. तो उठून बसला आणि त्या बंद खिडकीकडं बघत राहिला.

दोन दिवसांनी तो परत गेला. कागद त्यानं बॅगेतून काढलेच नाहीत.