दाजी, टेका!

हिमाचलात मी बर्फाच्या भिंती चढतो, लोकांना चढवतो आणि धडधाकट खाली आणतो; अडकलो मात्र आयुष्यात एकदाच, खर्ड्याजवळच्या आमच्या शेतामागच्या कड्यावर, आईच्या हाकेच्या टप्प्यात.

शाळा मी आठवीत सोडली. (शाळेनंही फारसं अडवलं नाही.) मग हॉटेलात भांडी, मग ट्रेकवाल्यांचे डबे वाहणं, असं करत करत एक दिवस घरापासून इतका लांब पोचलो की तिथल्या लोकांना खर्डा म्हणजे खाण्याचा पदार्थ वाटतो. तिथं एका उस्तादांनी माझ्या हातात दोर दिला. त्या माणसाचे उपकार मी विसरणार नाही. मी मुळात भित्रा. गाठ मारली की तपासतो, पुन्हा तपासतो, आणि तपासताना सुटली की काय म्हणून सोडून नव्यानं मारतो. उस्ताद म्हणाले, "असाच डरपोक राहा, म्हातारा होशील." मी राहिलो!

गेल्या हिवाळ्यात तिकडचे कँप बर्फामुळं बंद झाले आणि मी घरी आलो. आईनं भाकरी वाढता वाढता विषय काढला.

"तुझा मामा इचारतोय. खताच्या दुकानावर मानूस पायजे. बस तिथं."

"आई, माझं काम लई सुरक्षित हाय."

"दोराला लोंबकळनं सुरक्षित?"

"डोळ्यांनी बघ एकदा."

"बघते. खरचटलास जरी, तरी दुकानात बसायचं. कायमचं!"

झालं. माझे सगळे डोंगर शेतामागच्या त्या एका कड्यावर येऊन ठेपले.

कडा तसा किरकोळ. दोन मजली घराएवढा. खाली काळा कातळ, मध्ये फुगवटा, फुगवट्यावर लाल मुरमाचा पट्टा (हा कधीच खात्रीचा नसतो, धरला की बिस्किटासारखा तुटतो), आणि वर पुन्हा कातळ. थंडीत दगड कोरडा असतो, बोटांना घाम येत नाही. मागच्या पायवाटेनं मी वर गेलो. लिंबाच्या बुंध्याला एक पट्टा, जमिनीत रुतलेल्या धोंड्याला दुसरा. त्यांना कड्या अडकवून त्यांतून दोर ओवला आणि दोन्ही टोकं खाली सोडली. एक टोक माझ्या कमरेला; दुसरी बाजू खाली उभं राहून दोर धरणाऱ्या माणसाकडं. त्याच्या कमरेला एक छोटं यंत्र. दोराला हिसका बसला की ते आपोआप आवळतं, आणि त्याची काळी दांडी ओढली की वरचा माणूस सावकाश खाली येतो. साधी गोष्ट!

पण दोर धरणार कोण? माझा जोडीदार हिमाचलात. ताई म्हणाली, "मी धरते." आई म्हणाली, "घरात जावई असताना तू? पाव्हण्यांचा मान हाय तो!"

ताईचे यजमान, म्हणजे आमचे दाजी, ऐन संक्रांतीच्या पाहुणचाराला आले होते. माझ्या दुप्पट वजनाचे, अतिशय शांत आणि कुणाचा शब्द न मोडणारे. मी त्यांच्या पायजम्यावर पट्टे चढवले.

"सोपान," ते म्हणाले, "नांगराला जुंपतोस का काय मला?"

"न्हाई दाजी. निस्तं उभं ऱ्हायचं. मी 'टेक' म्हणलं की दोर ताणायचा. आणि मी सांगेपर्यंत ह्या काळ्या दांडीला हात लावायचा न्हाई."

"आरं!" आई कडाडली. "जावयाला 'टेक' म्हनतो? 'टेका' म्हन!"

"आई, ते इंग्रजी हाय."

"मग इंग्रजीत मोठ्या मानसाला मान देत न्हाईत व्हय?"

माझं इंग्रजी आठवीपर्यंतचं. "दाजी, मी 'टेका' म्हणेन," एवढं बोलून मी चढायला लागलो.

फुगवटा ओलांडला आणि खालची माणसं दिसेनाशी झाली. नुसते आवाज. मी मुरमाच्या पट्ट्याला हात घातला. तो बिस्किटासारखा तुटला!

"दाजी, टेका!"

क्षणात दोर असा ताठ झाला की मी हातभर वर गेलो. मी थक्क! उस्तादांनासुद्धा एवढ्या चपळाईनं जमलं नसतं. माझ्या डोळ्यांत पाणी आलं. म्हटलं, हा माणूस गावी डेअरीला दूध घालत बसलाय आणि ह्याची खरी जागा हिमालयात आहे!

तेवढ्यात खालून आईचा आवाज आला. "आवं पाव्हणं, दगडावर काय टेकलात? उठा, ही सतरंजी घ्या!"

आणि मी भस्सकन खाली आलो.

"दाजी! काय झालं?"

"काय न्हाई, उठलो!"

"उठलात? बसला कधी होता?"

"तूच म्हणलास की, टेका!"

मला काही कळेना. कड्यावर लटकलेल्या माणसाला आधीच फार कळत नसतं. मी फक्त एवढं अनुभवत होतो, की खाली सतरंजी अंथरली की मी वर जातोय, आणि कोणी कुणाला "उठा" म्हटलं की खाली.

"पाव्हणं, सावलीत गारठाल. तकडं उनात सरका."

दाजी मागं सरकले. मी वर! गुडघा कातळावर घासला. पँट होती म्हणून बरं, नाहीतर दुकानाची किल्ली तिथंच हातात पडली असती. मग खाली ओळखीचा आवाज झाला: फुर्रर्र!

"दाजी, दोर कुणी धरलाय?"

"मी चहा धरलाय!"

"दोन्ही हातांनी?"

"बशी हाय ना!"

म्हणजे माझा जीव आता त्या छोट्या यंत्रावर, आणि ते यंत्र बशीखाली. त्याला मनोमन दंडवत घातला आणि म्हटलं, आता गुपचूप उतरावं.

"दाजी, ती काळी दांडी हळू ओढा!"

मग दाजींचा विचारी आवाज: "मघाशी म्हणलास हात लावायचा न्हाई. आता म्हणतोस ओढा. एक काय ते ठरव."

"ठरवू द्या त्याला," आई म्हणाली. "तवर टेका तुमी!"

"आई, टेका म्हणू नको!" मी वरून ओरडलो.

"टेका म्हणतोय!" दाजी म्हणाले आणि जास्तच ऐसपैस टेकले. मी आणखी वर!

शेवटी ताईला दया आली. "अहो, कप द्या इकडं. हितं उजव्या हातानं दोर धरा. घट्ट! दांडी मी ओढते."

"ताई, हळू!" मी म्हणालो.

ताईनं आजवर कुठलीच गोष्ट हळू ओढलेली नाही. लहानपणी माझे कान ओढलेत तिनं, मला माहीत आहे. मी सरसरत खाली आलो आणि थेट सतरंजीवर, चहाच्या किटलीशेजारी, मांडी घालून बसलो.

"टेकलास का?" आई म्हणाली. "घे चहा."

मग तिनं मला उलटसुलट फिरवून तपासलं. कोपर, गुडघे, तळहात. (मी गाठ तपासतो तसंच. भित्रेपणा कुणाकडून आला ते त्या दिवशी समजलं.) खरचटलं कुठंच नव्हतं.

"तकडं बी असंच खाली कुनीतरी बसलेलं असतंय?" तिनं विचारलं.

"असतंय, आई."

"पाव्हण्यांनी चा पिला, गप्पा मारल्या, हात सोडून बसले, तरी तू पडला न्हाईस." तिनं यंत्राकडं एकदा बघून घेतलं. "म्हंजी तुज्यावर काय बी नसतंय. जा मग."

दुकान टळलं! मी दाजींच्या पाया पडलो. मनापासून पडलो. ते म्हणाले, "आरं, मी काय केलं? निस्ता बसलो."

पण गावात त्यांनी तसं सांगितलं नाही. पारावर ते म्हणाले, "चढायला काय, कुनी बी चढतंय. खाली बसनारा पायजे!" लोकांना पटलं. आता आई फोनवर माझी तब्येत विचारत नाही, "खाली कोन बसलंय?" एवढंच विचारते. आणि आमच्याकडं कुणाला गिर्यारोहण शिकायचं असेल, तर लोक त्याला दाजींकडं पाठवतात. माझीही ओळख आहे म्हणा गावात: दाजींनी चहा पीत पीत वर धरला होता, तो पोरगा!