पंपाला लावलेलं कुंकू

आम्ही दोघांनी मिळून केलेलं शेवटचं काम म्हणजे पंपाची पूजा. काम कसलं, भांडणच. खंडेनवमीला जो तो आपलं हत्यार पूजतो. कोणी वखर पूजतो, कोणी ट्रक. आमच्या घरी पूजायला होता काचा धुवायचा पंप. होता तो फवारणीचाच, बॅटरीवरचा. कपाशीवर औषध मारायचं सोडून मी त्याला लांब दांडा आणि ब्रश जोडला, हातगाडीवर टाकी ठेवली आणि आम्ही नवराबायको यवतमाळातल्या दुकानांच्या काचा धूत फिरत होतो.

या गावात काचेची दुकानं कोणाच्या डोक्यातून निघाली, मला कळलं नाही. उन्हाळ्यात जिथे डांबर वितळतं तिथे हे समोरून अख्खी काच लावतात. मग आत गरम होतं म्हणून एसी लावतात. मग उन्हानं बाहुल्यांच्या अंगावरच्या साड्या विटतात म्हणून आतून पडदा ओढतात. बाहेरून आम्ही काच चकचकीत करायची, आतून यांनी पडदा लावायचा. असली अक्कल. पण त्या अकलेवरच आमची चूल पेटत होती, म्हणून तोंडावर कधी बोललो नाही.

पंपाच्या डोक्यावर एक काळी डबी असते, तिला प्रेशर स्विच म्हणतात. दांड्यावरची तोटी बंद केली की पाइपात पाणी तुंबतं, डबीतल्या रबराला रेटतं, रबर आतलं बटण दाबतं आणि मोटर थांबते. तोटी उघडली की मोटर पुन्हा चालू. डबीला एवढंच काम, पण नखरे नवरदेवाचे. तिचं झाकण पावसाळ्यातच तुटलं होतं. मी वरून दुधाची रिकामी पिशवी बांधून ठेवली होती.

खंडेनवमीच्या सकाळी पाहतो तर माझ्या बाईनं ती पिशवी सोडलेली.

"प्लास्टिक कायले काढलं वो? पानी जाईन न त्यात!"

"मंग काय प्लास्टिकवरून कुंकू लावू? देवाले पिशवीत घालून पूजतेत काय?"

"देव कुठं हाये त्यात? मोटर हाये."

"दोन टाइम जेवाले कोन घालते तुमाले? मोटरच न? मंग गप बसा."

तिनं डबीच्या उघड्या तोंडावर ओलं हळदकुंकू लावलं, अक्षता टाकल्या, झेंडू ठेवला, नारळ फोडला. मग पिशवी परत चढवली आणि दोऱ्यानं गाठ मारली. मी बडबडत राहिलो आणि तिनं दिलेलं खोबरं खात राहिलो.

दुपारी तिच्या छातीत कळ आली. ऑटोत बसवली तेव्हा बोलत होती, गॅसवर दूध ठेवलं आहे म्हणून. दवाखान्याच्या दारात बोलणं थांबलं.

नंतर जी माणसं आली त्यांच्याबद्दल न बोललेलं बरं, पण बोलतो. कपाळभर कुंकू लावून तिला नेलं तेव्हा बायका एकमेकींना सांगत होत्या, भाग्याची होती, सवाष्ण गेली. म्हणजे मी मागं उरलो हे तिचं भाग्य. असंच भाग्य यांच्या नवऱ्यांनाही मिळो, असं तोंडावर आलं होतं. एक पाहुणा म्हणाला, दिवस चांगला मिळाला. मरायलाही चांगला दिवस असतो म्हणे. तोच पाहुणा तेरवीला तीनदा बुंदी मागून जेवला.

मुलगा माझा वणीला ट्रकवर असतो. तेरवी झाली तसा तो म्हणाला, "बाबा, आता वणीले चला."

"वणीले काय करू?"

"काय करा लागते? बसा."

"कोळशाच्या गावात काचा धुवू? सकाळी धुतली का दुपारी काळी."

"धुवू नोका न मंग. आराम करा."

"आराम तर तुही माय करून राह्यली," मी म्हणालो. तो उठून बाहेर गेला. बोलायला नको होतं असं कोणी म्हणेल. म्हणो.

दिवाळी तोंडावर होती. मेन रोडच्या कापडाच्या शोरूमचा फोन आला, काचा कधी धुता म्हणून. बाई गेल्याचं त्यांना माहीत होतं, तरी आधी काचाच विचारल्या. मी मुलाला सांगितलं, हे शोरूम मी एकटा धुतो. जमलं तर मी माझ्या घरात राहतो. नाही जमलं तर वळकटी बांधून तुझ्यासोबत वणीला. तो हसला. "चालते," म्हणाला. मी हरणार हे त्यानं धरलंच होतं.

अंगणात पंप लावून पाहिला. पाणी आलं. तोटी बंद केली तर मोटर थांबेचना. गुरगुरत राहिली, पाइप फुगला आणि सटकन निघून मुलाच्या इस्त्रीच्या शर्टावर सगळं पाणी. मी हसलो. बाई गेल्यापासून पहिल्यांदा. त्याला काही हसू आलं नाही.

हा बिघाड काही नवा नव्हता. आधी झाला की ती बॅटरीजवळ बसायची. मी काचेजवळून ओरडायचो "बंद", ती वायरचा चिमटा काढायची. "चालू" म्हटलं की लावायची. मी उगाच ओरडलो तर मुद्दाम चिमटा लावायची नाही आणि वर पाहून विचारायची, "काय म्हन्ता?" दुकानातली पोरं हसायची.

मुलगा शर्ट पिळत म्हणाला, "आता चिमटा काढाले कोन हाये, बाबा?" आणि मग त्याचं त्यालाच कसंतरी झालं.

पंप घेऊन मी बाजारात गेलो. तिथे फवारणीचे पंप दुरुस्त करणारा माझ्याच वयाचा मुसलमान मिस्त्री आहे, जुना दोस्त. त्यानं न उघडता, पिशवीच्या वरूनच पेचकस खुपसला आणि स्क्रू पिळला. इथे सगळ्यांचा हाच धर्म. काही बिघडलं की आत पाहायचं नाही, स्क्रू पिळायचा.

"अब देख," म्हणाला.

पाहिलं. आता मोटर चालूच होईना.

"मंग गया स्विच," तो म्हणाला. "फेक त्याले. नवा माल आता पेरणीच्या टायमाले येईन."

"दिवाळी तवा करू काय?"

"तुले कायची दिवाळी बे औंदा?" म्हणाला, आणि जीभ चावली. मग चहा मागवला. मी चहा पिऊन पंप उचलला. शिवी देणार होतो, पण तिच्या तेरवीला माझ्या अंगणात शेवटपर्यंत बसलेला तोच होता.

खरं म्हणजे पिशवी सोडून आत पाहायला पाहिजे, हे मला अंगणात पाइप निघाला तेव्हाच कळलं होतं. पण गाठ तिनं मारलेली होती आणि आतलं कुंकू तिच्या बोटाचं होतं. पेचकस खुपसणाऱ्याला हे काय सांगणार?

संध्याकाळी ओट्यावर बसून मी गाठ सोडली. कापली नाही, सोडली. आत कुंकवाची वाळून खपली झाली होती. डबीच्या खाचेत हळद उतरली होती आणि त्या चिखलात, बरोबर बटणाच्या खाली, अक्षतेचा एक दाणा आडवा बसला होता. रबर रेटत होतं, पण दाणा बटणाला खाली जाऊ देत नव्हता. अशानं मोटर थांबणार कशी? तिला तेव्हाच सांगितलं होतं.

मुलगा वाकून पाहत होता. दाणा दिसला तसा खाली बसला. "राहू द्या बाबा," म्हणाला. "तिच्या हातचं हाये. हा असाच ठेवू. मी नागपूरहून नवा पंप आनतो."

"आठवन म्हनून पंप बंद ठेवू?" मी म्हणालो. "तुह्या मायले चाललं असतं काय? तिनं तो मह्या डोक्यात घातला असता."

जुना टूथब्रश रॉकेलात बुडवून मी डबी घासली. लाल पाणी निघालं, पिवळं निघालं, मग साधं निघालं. बटण टिकटिक वाजायला लागलं. मिस्त्रीनं पिळलेला स्क्रू उलटा सोडला, मग तोटी उघडबंद करत थोडाथोडा घट्ट केला. एकदा तोटी बंद केली तशी मोटर दोन आचके देऊन गप्प झाली. उघडली, चालू. बंद केली, गप्प.

"झालं?" मुलगा म्हणाला.

"झालं."

"मंग?"

"मंग तू जा वणीले. दिवाळीले ये, जेवाले. फराळ नाई भेटनार, भाकर भेटन."

दाणा मी शर्टाच्या खिशात टाकला होता. फेकायला काय झालं होतं, मला माहीत नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी डबीवर नवी पिशवी बांधली. तिच्यासारखी गाठ मला येत नाही, रबरच लावलं. मग देवळीतला तिचा करंडा काढला, बोट ओलं केलं आणि प्लास्टिकवरूनच कुंकू लावलं. प्लास्टिकवर ते बसत नाही, ओघळतं. पुन्हा लावलं. मुलगा दारात उभा होता. हातगाडी उंबऱ्यापुढच्या नालीत अडकली तेव्हा मागून एक हात लावला, तेवढाच.

शोरूम अजून उघडायचं होतं. वरच्या काचेपासून सुरू केलं. पहिली काच धुऊन झाली तशी तोटी बंद केली आणि सवयीनं ओरडलो, "बंद!" मोटर आधीच थांबली होती. झाडणाऱ्या बाईनं वळून पाहिलं. मी दांडा उचलून दुसऱ्या काचेकडे गेलो.